संरक्षण आदेशाची नोटीस आली आहे? नागपुरात पहिल्या दिवसापासून काय करायचं

लिफाफा बहुतेक वेळा घरी कुणी नसताना येतो. शेजारच्या काकू सांगतात, "पोलीसवाला आला होता जी, तुमचं नाव विचारत होता." दुसऱ्या दिवशी तो परत येतो, सही घेतो आणि हातात पंधरा-वीस पानं ठेवून जातो. पहिल्या पानावर तुमचं नाव आणि वर तिचं. दोन वर्षांपूर्वी जिच्याशी काडीमोड झाला तिचं, किंवा जिच्यासोबत लग्न न करता चार वर्षं एका छताखाली राहिलात तिचं.

त्या क्षणी हात फोनकडे जातो. "हे काय केलंस?" एवढंच विचारायचं असतं. तो फोन करू नका. हा सगळा लेख या एका वाक्यासाठी लिहिला आहे म्हटलं तरी चालेल. उत्तर द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण ते न्यायालयात, कागदावर द्यायचं. तिच्या फोनवर, तिच्या दारात किंवा तिच्या आईजवळ नाही.

मी नागपुरात वकिली करते. जास्त करून अर्ज करणाऱ्या बायकांच्या बाजूने उभी राहते, पण ज्यांच्याविरुद्ध अर्ज आला आहे अशांचंही काम केलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या या कायद्याने किती बायकांना रात्रीची झोप परत मिळाली ते मी जवळून पाहिलं आहे. तो दुबळा व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. पण नोटीस मिळालेला माणूस नीट उत्तर देईल तेव्हाच न्यायाधीशांसमोर खरं चित्र येतं. घाबरून पळणारा किंवा चिडून धावून जाणारा माणूस स्वतःचं नुकसान करतो आणि समोरच्या बाईची भीतीही वाढवतो.

हा कागद नेमका काय आहे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा तो कायदा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला नुसतं 'डीव्ही' म्हणतात. अर्ज कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. दंडाधिकारी म्हटलं की पोटात गोळा येतो, पण या टप्प्यावर तुम्ही आरोपी नाही, 'गैरअर्जदार' आहात. मागितलेले दिलासे दिवाणी स्वरूपाचे आहेत. जामीन घ्यायचा नसतो आणि नोटीस आली म्हणून कुणी बेड्या घालत नाही. आदेश मोडला की मात्र चित्र पालटतं. त्याबद्दल पुढे सांगते.

"आमचा घटस्फोट झाला आहे, आता कसला डीव्ही?" हा मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न. दोघं एकत्र राहत असतानाच्या हिंसाचाराबद्दल घटस्फोटानंतरही अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं आहे. लग्नच झालं नव्हतं, असाही बचाव येतो. कायद्यात 'विवाहसदृश संबंध' धरलेले आहेत. मात्र प्रत्येक मैत्री किंवा प्रेमसंबंध त्यात बसत नाही. किती काळ एकत्र राहिलात, घर एकत्र चालवलंत का, समाजात नवराबायको म्हणून वावरलात का, हे सगळं पाहिलं जातं. तेव्हा हा मुद्दा तुमच्या बाजूचा असेल तर उत्तरात मांडा, पण 'आपल्याला लागूच नाही' असं घरी बसून ठरवून पेशी (न्यायालयातली तारीख) चुकवू नका.

आई किंवा बहिणीचं नावही गैरअर्जदार म्हणून आलं असेल तर दचकू नका. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून बायकांविरुद्धही हा अर्ज होऊ शकतो. घराबाहेर काढण्याचा आदेश मात्र बाईविरुद्ध देता येत नाही.

आधी पानं मोजा, मग वाचा

लिफाफ्यात दोनपैकी एक गोष्ट असते. नुसती नोटीस असेल तर अमुक तारखेला हजर राहा, एवढंच ती सांगते. नाहीतर नोटिशीसोबत कलम २३ खालचा अंतरिम आदेश असतो, कधी कधी तुमचं न ऐकता दिलेला एकतर्फी. हा फरक त्याच संध्याकाळी कळला पाहिजे. नुसती नोटीस असेल तर तयारीला वेळ आहे. आदेश असेल तर तो तुमच्यावर आताच बंधनकारक आहे, चुकीचा वाटला तरी.

कागद हाती पडला ती तारीख आणि वेळ लिफाफ्यावरच पेनाने लिहून ठेवा. पुढे अपिलाची मुदत मोजताना हीच तारीख लागते. नोटीस घ्यायला नकार देणं, शेजाऱ्याला "ते इथे राहत नाहीत" असं सांगायला लावणं, याचा काही उपयोग नाही. बजावणी झाली असं धरून काम तुमच्याविना पुढे जातं.

कोर्ट कोणतं तेही पाहा. अर्जदार कायम किंवा तात्पुरती जिथे राहते, जिथे काम करते, तिथे ती अर्ज करू शकते. तुम्ही हिंगण्याला कामाला असाल आणि ती माहेरी काटोलला गेली असेल, तर काम काटोलच्या न्यायालयात असू शकतं. शहरातलं काम सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालतं. नव्याने नागपुरात आलेल्यांनी झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क मेट्रो स्टेशनवर उतरून ऑटो करावा. जवळच उच्च न्यायालयाचं खंडपीठही आहे. ऑटोवाल्याला 'जिल्हा कोर्ट' असं नीट सांगा. चुकीच्या दारात उभं राहून पुकारा हुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आदेशात काय मना केलं आहे

कलम १८ च्या संरक्षण आदेशात बहुधा हिंसाचार न करणं, तिच्या कामाच्या ठिकाणी न जाणं, कोणत्याही मार्गाने संपर्क न करणं, एकत्र मालमत्ता किंवा बँक खात्याला परस्पर हात न लावणं आणि तिच्या नातेवाइकांना त्रास न देणं असतं. तुमच्या आदेशात यांतलं काय आहे ते शब्दशः वाचा. मराठीत नसेल तर वकिलाकडून एकेक ओळ समजून घ्या.

'कोणत्याही मार्गाने संपर्क' हे शब्द लोक फार हलके घेतात. एक माणूस माझ्याकडे आला होता. त्याने फोन केला नव्हता, मेसेजही नव्हता. त्याने तिला मोबाईलवरून एक रुपया पाठवला होता आणि पैसे पाठवताना खाली जी ओळ लिहिता येते तिथे लिहिलं होतं, "माफ कर, एकदा बोल." मला म्हणाला, "मॅडम, पैसेच तर पाठवले जी." तो संपर्कच होता. तिच्या भावाकडून निरोप, मावशीकडून चिठ्ठी, तिला दिसेल असं स्टेटस, तिच्या ऑफिसखालच्या टपरीवर रोज चहाला उभं राहणं, हे सगळं त्याच खात्यात जमा होतं.

ती स्वतः फोन करेल, तेव्हा काय? आदेश तुम्हाला बांधतो, तिला नाही. तिने आपणहून फोन केला म्हणून तुम्हाला मोकळीक मिळत नाही. उचलू नका, नोंद राहू द्या, वकिलाला सांगा. दोघांनाही खरंच बोलायचं असेल तर आदेशात तेवढा बदल न्यायालयाकडून करून घेता येतो.

संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. आदेश मोडल्याचं केवळ तिच्या साक्षीवरूनही न्यायालय ठरवू शकतं. इथे तुम्ही गैरअर्जदाराचे आरोपी होता.

वकील आणि पहिली पेशी

वकील लवकर गाठा. पेशीच्या सकाळी नव्हे, चार-पाच दिवस आधी. कौटुंबिक कामं करणारा वकील शोधा. 'दोन तारखांत उडवतो' म्हणणाऱ्याकडून उठून या. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. उत्पन्न मर्यादेत असेल, तुम्ही अनुसूचित जाती-जमातीतले असाल, दिव्यांग असाल, किंवा गैरअर्जदार बाई असाल, तर मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा विधी सेवेचा देशभर चालणारा मदत क्रमांक आहे.

नोटिशीवरचा सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक, सोळा अक्षर-अंकांचा असतो. तो ईकोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये घातला की पुढची तारीख आणि कोर्ट हॉल कळतो. क्रमांक छापलेला नसेल तर वकील काढून देतात.

पेशीच्या दिवशी साडेदहाला पोचा. दाराशी लावलेल्या बोर्डावर आपला अनुक्रमांक पाहा. मग बहुतेक वेळ बाहेरच्या बाकावर जातो, आणि इथेच खरी परीक्षा असते. कारण समोरच्याच बाकावर ती बसलेली असते, आईसोबत, कधी मुलासोबत. मूल तुम्हाला पाहून हसतं. अशा वेळी पाय आपोआप पुढे जातात. संपर्क न करण्याचा आदेश कोर्टाच्या व्हरांड्यातही लागू असतो. जागा बदला, जिन्यापाशी जाऊन उभे राहा, सोबत एखादा शांत डोक्याचा माणूस ठेवा. तावातावाने बोलणाऱ्या काकाला घरीच राहू द्या.

पहिल्या पेशीला वकील वकीलपत्र दाखल करतात आणि उत्तरासाठी वेळ मागतात. अर्जासोबतच्या सगळ्या कागदांच्या प्रती मिळाल्या का ते त्याच दिवशी पाहा. संरक्षण अधिकाऱ्याचा, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याचा, घरगुती घटना अहवाल (तिने सांगितलेल्या घटनांची नोंद) असेल तर त्याची प्रतही मागा. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पेश्या लांबतात. म्हणून प्रत्येक तारीख वहीत लिहा आणि एकही चुकवू नका.

'से' लिहिणं

लेखी उत्तराला आपल्याकडे 'से' म्हणतात. "से आणला का?" असं विचारलं तर गोंधळू नका. अंतरिम अर्जावरचा से आणि मुख्य अर्जावरचं उत्तर वेगवेगळं असू शकतं. अंतरिम अर्जावरचा से आधी लागतो, आणि महिनोन् महिने लागू राहणारा आदेश त्यावरच ठरतो. त्यात कसूर नको.

वकिलाकडे जाण्याआधी एक संध्याकाळ काढा. अर्जातल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो. कोऱ्या कागदावर तेच क्रमांक उतरवा आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिहा: खरं, खोटं, अर्धं खरं. अर्ध्या खऱ्यापुढे काय झालं होतं ते तारखेसह लिहा. "परिच्छेद ७: १४ तारखेला भांडण झालं हे खरं. मी ढकललं हे खोटं. त्या रात्री मी बुटीबोरीला नाईट शिफ्टला होतो, हजेरीपट आहे." अशी एक ओळ 'सर्व आरोप खोटे व बनावट आहेत' या पानभर मजकुरापेक्षा जास्त काम करते. न्यायाधीश तो पानभर मजकूर रोज वाचतात.

आणि जे खरं आहे ते खरं म्हणा. हे लिहिताना मला ठाऊक आहे की वाचणाऱ्यांपैकी काहींनी खरंच हात उगारला असेल. तो कागदावर पुसू नका. शपथेवर खोटं लिहिलं आणि उलटतपासणीत दवाखान्याचा कागद समोर आला, तर बाकीचं खरंही कुणी मानत नाही. काय कबूल करायचं आणि कोणत्या शब्दांत, हे वकिलाशी मोकळेपणाने बोलून ठरवा, कारण तेच विधान दुसऱ्या फौजदारी तक्रारीत पुढे येऊ शकतं. संपर्क न करण्याबद्दल हरकतच नसेल तर 'मी संपर्क करणार नाही' असं हमीपत्र देता येतं. मला हा मार्ग पुष्कळदा शहाणपणाचा वाटतो. तिला सुरक्षितता मिळते आणि तुमचा वाद घर, पैसे आणि मुलं यांपुरता उरतो.

तिच्या चारित्र्यावर लिहू नका. वकिलाने सुचवलं तरी नाही. एक तर ते क्रूर आहे, दुसरं म्हणजे ती पानं तुमच्याविरुद्धच वाचली जातात.

पुरावा म्हणजे फोन

आजकाल निम्मं प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असतं. तुमच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्ही मेसेज ठेवा. काहीही पुसू नका, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर भागत नाही. अख्खं संभाषण द्या. सोयीच्या चार ओळी कापून दिल्या की उरलेल्या चाळीस समोरची बाजू देते. तिचा पासवर्ड माहीत आहे म्हणून तिच्या खात्यात डोकावणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

पैशांचा भाग

कलम २० खाली पोटगी, दवाखान्याचा खर्च, भाडं मागितलेलं असेल तर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिली आणि गैरअर्जदारासाठी चार आठवड्यांची कमाल मुदत ठेवली. पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रं, तीन वर्षांचे बँक खातेउतारे, कर्जाचे हप्ते, आईवडिलांच्या औषधांचा खर्च आतापासून जमवायला लागा. धंदा रोखीचा असेल तरी उत्पन्न शून्य लिहू नका. पानठेला चालवणाऱ्याच्या नावावर गाडीचा हप्ता निघाला की तो शून्य तिथेच पडतो. दुसऱ्या न्यायालयात पोटगी आधीच ठरली असेल तर तो आदेश जोडा. एका कामातली रक्कम दुसऱ्यात विचारात घेतली जाते.

अंतरिम रक्कम ठरली की ती बँकेतून, आदेशात सांगितल्याप्रमाणे भरा. हातात रोख देऊ नका. आणि इथेही, पैसे पाठवताना खाली काही लिहू नका.

घर, सामान, मुलं

घराबाहेर राहण्याचा आदेश असेल तर कपडे, औषधं, कामाची अवजारं, शाळेचे दाखले आतच राहिलेले असतात. "पाचच मिनिटं जातो" म्हणून जाऊ नका. वस्तूंची यादी करून न्यायालयात अर्ज द्या. पोलीस किंवा संरक्षण अधिकाऱ्याच्या उपस्थितीत एकदा सामान नेण्याची परवानगी मागता येते. उलट तिचं स्त्रीधन तुमच्याकडे असेल तर यादीनुसार, पावती घेऊन, न्यायालयामार्फत परत करा. ते अडकवून ठेवण्यात काहीच हशील नाही.

मुलांचं दुखणं सर्वांत मोठं. आदेशात मुलाच्या शाळेत जाण्याला मनाई असू शकते, आणि बाप म्हणून फीची पावती खिशात असली तरी फाटकापाशी उभं राहता येत नाही. एक बाप रोज दुपारी शाळेसमोरच्या लिंबाच्या झाडाखाली थांबायचा, मुलगी रिक्षात बसेपर्यंत. बोलायचा नाही. तरी तक्रार झाली, आणि मुलीच्या भेटीचा अर्ज त्यामुळेच अवघड झाला. त्याने पहिल्याच महिन्यात कलम २१ खाली भेटीची मागणी केली असती तर बरं झालं असतं. दिवस, तास, जागा, मूल कोण आणून देणार, हे सगळं अर्जात लिहा. 'मला मुलगी हवी' एवढ्यावर न्यायाधीश काय देणार? 'दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दोन तास, न्यायालय ठरवेल त्या ठिकाणी, आजीच्या उपस्थितीत' अशी मागणी देता येण्यासारखी असते. भेटीने मुलाला धोका आहे असं वाटलं तर न्यायालय नकारही देऊ शकतं.

तडजोड

समाजाची बैठक, नातेवाइकांचा दबाव, 'केस मागे घे' असे निरोप, यातून नवी तक्रारच उभी राहते. समुपदेशनाला पाठवायचं की नाही हे न्यायालय ठरवतं. मध्यस्थीची इच्छा असेल तर वकिलामार्फत तिथेच सांगा. जुळलं तर अटी लेखी, दोघांच्या सहीने, पुरसीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) म्हणून दाखल होतात. तिला नको असेल तर विषय तिथेच सोडा.

आदेश मान्य नसेल तर

एकतर्फी आदेश झाला असेल तर हजर होऊन, उत्तर देऊन, तो बदला किंवा रद्द करा असं त्याच न्यायालयाला सांगता येतं. परिस्थिती बदलली, नोकरी गेली, घर बदललं, तर कलम २५ खाली फेरबदलाचा अर्ज दोघांपैकी कुणीही करू शकतं. वरच्या न्यायालयात जायचं तर कलम २९ खाली सत्र न्यायालयात अपील, आदेश बजावल्यापासून तीस दिवसांत. थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाऊन सगळं रद्द करून आणू, असं कुणी सांगितलं तर थोडं थांबा. तो अधिकार आहे, पण या कामांत तो जपून वापरावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे, आणि खर्चही मोठा असतो.

अपील दाखल केलं म्हणजे आदेश थांबला असं होत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, आणि स्थगिती मिळाल्याचा कागद हाती येईपर्यंत खालचा आदेश जसाच्या तसा लागू असतो. या कायद्यात आदेशाची प्रत पक्षकारांना मोफत द्यायची आहे. ती मागून घ्या, एक वकिलाकडे, एक घरी ठेवा, आणि ज्या लिफाफ्यावर तारीख लिहिली होती तो लिफाफाही त्याच फाईलमध्ये लावून ठेवा.